जाळीवरची ओल

ग्राहकाचे नाव

तायव्वानं प्लास्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली आणि हात झटकन मागे घेतला. पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ होती. आत कानाचं मशीन होतं. मशीनच्या वरच्या टोकावर मी बसवलेलं रबराचं टोपडं अजून तसंच होतं.

"धोत्रे नाही आले?" मी विचारलं.

तिच्या मागे पायरीवर तिचा भाऊ संबा उभा होता. चपला काढल्या होत्या, पण आत येत नव्हता.

"दाजी गेलं, ताई," तो म्हणाला. "परवा. हिरीत."

"कसे?"

"भरल्या बकेटीतला दगूड सुटला." हे तो चौकटीकडे बघत बोलला.

"त्याला काय इचारू नगा," तायव्वा म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, पण हलत नव्हता. "मशीनला इचारा. चालू हुतं का बंद हुतं, तेवढं सांगा मला. आज तिसरा दिस उरकला आन् तशीच आले."

मी जॉब कार्डांचा गठ्ठा ओढला. आमच्याकडे दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनचं कार्ड भरायचं, मग पुढचं काम. पहिला रकाना नावाचा. मरगू धोत्रे लिहायचं की तायव्वा धोत्रे, तिथंच पेन अडलं.

त्याला आता अठरा वर्षं झाली. ते कार्ड मी अजून भरते आहे, असं समजा.

तक्रार

तक्रार तायव्वानं सांगितली ती अशी.

विहीर पंचेचाळीस फूट गेली होती. दुपारी बाकीचे गडी जेवायला वर आले. मरगू म्हणाला, एवढी बकेट भरून येतो. खाली तो एकटा. वर यारीवर संबा एकटा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी केलेली, खालचा दगड वर ओढणारी क्रेन. भरलेली बकेट अर्ध्यावर आली आणि वरचा एक दगड हलला. संबा म्हणतो, मी हाक दिली, दोनदा दिली, "सरका दाजी, सरका." जेवायला बसलेले गडी लांब लिंबाखाली होते, शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यांनी काही ऐकलं नाही. मरगू जागचा हलला नाही.

"तीस वर्सं हिरीत काढलेला माणूस," तायव्वा म्हणाली. "हाक आली की आधी पाय हलतात, मग डोकं. झोपंत हाक दिली तरी हातरुणातनं बाजूला व्हायचा. तो हुबा ऱ्हातोय व्हय?"

"मशीन बंद पडलं आसंल, अक्का," संबा म्हणाला. "मी कवाधरनं तेच म्हणतोय."

"तू म्हणतोयस. मशीन काय म्हणतंय ते बघू दे."

मशीनचा प्रकार

कानामागे अडकवायचं, डिजिटल. पाठीवर दोन मायक्रोफोन, एक पुढे, एक मागे. प्रत्येकावर खसखशीच्या दाण्याएवढ्या भोकांची जाळी. आवाज त्या जाळीतून आत जातो. जाळीत पाणी धरलं की आवाज बाहेरच राहतो. मशीन बंद पडत नाही. चालू असतं, फक्त ऐकू येत नाही. वाळलं की पुन्हा येतं. त्यामुळे माणसाला वाटतं, मधे कोणी बोललंच नव्हतं.

विट्याच्या स्टँडमागे कोरे सरांचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. सर कान तपासायचे, मशीन द्यायचे. मी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करून तिथं लागले होते आणि मागच्या टेबलावर दुरुस्ती करायचे. वय तेवीस. ओल ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे सर लोकांसमोर सांगायचे. भिंगाखाली जाळी धरली की मी सांगायचे, ही आंघोळ, हा घाम, हे खोबरेल. भिजलेलं मशीन कोणी कबूल करत नाही. मग मी निळ्या कागदाची पट्टी काढायचे. कोरड्या जागी ती निळी राहते, ओल लागली की गुलाबी होते. ती जाळीवर टेकवून गिऱ्हाइकासमोर धरायची. पुढे वाद होत नसे.

मरगूला पहिल्यांदा संबाच घेऊन आला होता. पन्नाशीचा, बुटका, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. सुरुंगांच्या आवाजानं कान गेले होते. डावा पुरता, उजवा निम्मा.

"आमच्यात एक रीत हाय," संबानं मला सांगितलं होतं. "सकाळी खाली उतरल्यावर वरनं एकेकाच्या नावानं हाक द्यायची. वरडून न्हाय, बोलल्यासारखी. खालनं जबाब आला तर त्यो गडी खाली ऱ्हाणार. लागोपाठ दोन दिस जबाब चुकला की वर. मग वर बसून दगूड फोडायचं. दाजींचा एक दिस चुकलाय."

"वर बायका आन् म्हातारी बसत्यात," मरगू म्हणाला. तो नेहमी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलायचा. "मला हातात बांगड्या भरा आन् वर बसवा."

उजव्या कानाला मशीन बसवलं. संबा बाहेर स्टँडच्या भिंतीपाशी गेला आणि तिथून बोलल्यासारखी हाक दिली. मरगूनं आतून जबाब दिला, "हाय रं, हाय! भैऱ्यावानी काय वरडतोस?" दुकानातले सगळे हसले. सर पण.

आधीची दुरुस्ती

पहिली: ओल. ड्राय बॉक्समध्ये ठेवून वाळवलं.

दुसरी: ओल. तेच.

तिसऱ्या वेळी मी त्याला समोर बसवलं. बरोबर तायव्वा होती.

"तुम्ही आंघोळीला मशीन काढत नाही," मी म्हणाले.

"आंगुळ?" तो बायकोकडे बघून हसला. "ताई, आमच्या गावाला टँकर येतोय. चौथ्या दिशी एक तांब्या मिळतोय. कुठली आंगुळ घेऊन बसलाय?"

मी पट्टी काढली, जाळीवर टेकवली. गुलाबी. तो पुढे वाकून बघत राहिला.

"ह्यो कागूद पानी दावतोय?"

"हो."

"मग मशीन ऱ्हाऊ द्या, कागूदच द्या. पाणाड्याला सुट्टी."

"तोंड बघा," तायव्वा म्हणाली. "ताई कामाचं बोलत्यात आन् ह्यांची जत्रा."

मग त्यानं खरं सांगितलं. चाळीस फुटांवर वारा नसतो. दगड तापलेला असतो, डोक्याला मुंडासं, त्याच्याखाली कान. तासाभरात घाम निथळतो आणि मशीन त्यात पोहतं. सकाळच्या हाकेला सगळं ठीक असतं. दहाच्या पुढं आवाज जातो.

"मग खाली मशीन घालायचं नाही," कोरे सर आतून येऊन म्हणाले. "आणि खरं म्हणजे खाली उतरायचंच नाही. मी लिहून देतो."

"लिवून नगा देऊ, सायेब." मरगूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लिवलं की संपलं माझं. आन् खाली घालायचं न्हाय तर घालायचं कुठं? वर कोन काय बोलतंय ते ऐकायची मला हौस न्हाय."

सरांनी लिहून दिलं नाही. मशीन वाळवून दिलं आणि मला बजावलं, "घाम येणाऱ्याला एकच उपाय, काढणं आणि पुसणं. जाळीवर काही लावायचं नाही, चिकटवायचं नाही, चढवायचं नाही. ती जाळी श्वास घेण्यासाठी केलेली आहे. आपल्या दुकानात कोणी हातची कारागिरी केली तर तो इथला नाही."

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, कारण कारागिरीची खोड मलाच होती.

चौथ्या वेळी सर शिबिराला आटपाडीत होते. मरगू आणि तायव्वा सकाळी सातच्या गाडीनं येऊन पायरीवर बसले होते. आदल्या दिवशी मशीन सकाळपर्यंत वाळलंच नव्हतं आणि जबाब चुकला होता. आज चुकला की वर, म्हणून तो आज कामाला गेलाच नव्हता.

मी तपासणीच्या हातमोज्याचं करंगळीचं बोट कापलं. पातळ, पारदर्शक. मशीनच्या वरच्या अर्ध्यावर, दोन्ही जाळ्यांवरून ते ओढून बसवलं. खालची बाजू मोकळी ठेवली, कारण तिथली बॅटरी हवेवर चालते. तेवढं मला कळत होतं. आवाज तपासला. थोडा दबला, म्हणून वाढवून दिला. वरून पाण्याचे थेंब सोडले, ते घरंगळून गेले. पट्टी टेकवली. निळी.

"मशीनला टोपडं घातलं," मरगू म्हणाला. "बारशाला या म्हणावं."

"हे काढायचं नाही," मी सांगितलं. "काढघाल केली की सैल होईल." आणि पट्ट्या फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरून तायव्वाच्या हातात दिल्या. ती शिकलेली नव्हती, पण रंगाला शिक्षण लागत नाही. "रोज संध्याकाळी वर आले की इथं टेकवायची. निळी म्हणजे कोरडं. गुलाबी झाली तर दुसऱ्या दिवशी खाली पाठवायचं नाही. काय?"

"गुलाबी झाली तर पाठवायचं न्हाय," ती म्हणाली.

कार्डावर मी फक्त लिहिलं: ओल. वाळवलं.

तपासणी

मी तायव्वाची पिशवी घेऊन मागे गेले आणि पडदा ओढला. कोरे सर आतल्या खोलीत एका पोराचा कान तपासत होते. अधूनमधून मशीनची शीळ ऐकू येत होती.

गाठ सुटेना, म्हणून कात्रीनं कापली.

टोपड्यावर बाहेरून वाळलेली माती होती. एका बाजूला काळपट डाग होता, तो मातीचा नव्हता. दगड डाव्या बाजूला लागला होता, म्हणून हे मशीन उजव्या कानावर जसंच्या तसं राहिलं होतं. रबर कुठंही फाटलेलं नव्हतं.

पट्टी घेतली. तायव्वाला शिकवलं होतं त्या जागी टेकवली. मिनिटभर थांबले. निळी.

मग चिमट्यानं टोपड्याची कड धरून गुंडाळत वर नेलं. ते सहज आलं नाही. आतून ओलं असलेलं रबर जसं सुटतं, तसं चिकटत, आवाज करत आलं. आतल्या बाजूला बारीक थेंब होते, पातेल्याच्या झाकणाला असतात तसे. बाहेरचं पाणी त्यानं बाहेर ठेवलं होतं. आतला घाम आत ठेवला होता.

दुसरी पट्टी जाळीवर टेकवली. तीन मोजायच्या आत गुलाबी.

हे पाणी दगड लागल्यावर खाली पडताना शिरलं असेल का? मी भिंग ओढलं. दोन्ही जाळ्यांभोवती मिठाची पांढरी कडी होती. एकात एक. पाणी एकदा शिरतं आणि जातं. घाम रोज चढतो, रात्री वाळतो, आणि जिथवर आला होता तिथं रेघ ठेवून जातो. मी सात कडी मोजली. आठवं पुसट होतं. म्हणजे टोपडं बसवल्यापासून रोज दुपारी हे मशीन चालू होतं आणि बहिरं होतं. सकाळी हाकेला जबाब, संध्याकाळी निळी पट्टी. मधल्या वेळात काही नाही.

बॅटरी अजून चालत होती. ऐकायची नळी मशीनला लावली आणि टोकं कानात घातली. पडद्यापलीकडं तायव्वा संबाशी काहीतरी बोलत होती. चार पावलांवर. मला गोधडीखालून यावं तसं काहीतरी आलं. कोणी बोलतंय एवढं कळलं. काय, ते कळलं नाही.

कार्डावर लिहिलं:

तपासणी: दोन्ही जाळ्यांवर ओल. क्षारांचे थर. आवाज जात नाही.

पुढचा रकाना होता, कारण.

तिथं मी थांबले. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि जाळ्या पुसल्या. कडी गेली. छोट्या पंख्यासमोर मशीन धरलं. पुन्हा नळी लावली. तायव्वाचं नाक ओढणं, संबाचं घसा खाकरणं, रस्त्यावरची रिक्षा, सगळं लख्ख.

हात रोजचंच काम करत होते, मी काही ठरवून केलं नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण टोपडं मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं नाही. ॲप्रनच्या खिशात घातलं. आणि कार्ड फाडून नवं घेतलं. ही रोजची कामं नव्हती.

तपासणी (नवे कार्ड)

मशीन चालू.

निष्कर्ष

बाहेर आले तेव्हा तायव्वानं काउंटरवर डबी उपडी केली होती. पट्ट्या एकीपुढं एक मांडल्या होत्या.

"बगा," ती म्हणाली. "रोज सांजच्याला मी लावत हुते. तुमी दावलं तितंच. टोपडं काढलं न्हाय. येक दिस चुकला न्हाय. त्यो म्हणायचा, लाव बाई, तुझा कागूद लाव, मग भाकरी दे. सगळ्या निळ्या हायत."

सगळ्या निळ्या होत्या.

"निळी म्हंजी कोरडं. तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"

"हो."

"परवाच्या आदल्या सांजंलाबी निळी हुती. म्हणून मी पाठवला." तिनं शेवटची पट्टी बोटानं थोडी पुढं सरकवली. "मग मशीन भिजलं न्हवतं."

संबा पायरीवरून एक पाऊल आत आला. "ताई, हे वरनं झालं. तुमी आतनं बघितलं न्हवं? आतनं काय हाय?"

इतका नेमका प्रश्न मला आमच्या धंद्यातल्या माणसानंही कधी विचारला नव्हता.

"मशीन चालू आहे," मी म्हणाले.

"तसं न्हवं, वलं—"

"गप, संबा." तायव्वा माझ्याकडेच बघत होती. "ताई, येका शब्दात सांगा. कोरडं हाय का वलं हाय?"

"कोरडं आहे."

त्या क्षणी ते होतंच कोरडं.

"टोपडं कुठं गेलं?" संबानं विचारलं.

"तपासायला काढलं."

"मला ऐकवा," तायव्वा म्हणाली. "कसं ऐकू येतं ते."

"अहो, ते—"

"ऐकवा."

मी नळीची टोकं तिच्या कानात घातली. कपाळाला कुंकू नव्हतं. तिथली कातडी फिकट होती. मशीन तिनं स्वतःच्या मुठीत धरलं, पाखरू धरावं तसं. मग भावाकडं वळली.

"दे हाक."

"आँ?"

"दाजीला दिलीस तशी दे. तितंच हुबा ऱ्हा, पायरीवर. पंचेचाळीस फूट न्हाईत, पर चालंल."

"अक्का, हितं नगं. लोकं बघत्यात."

"दे."

संबा पायरीवर गेला. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "सरका दाजी." आवाज इतका बारीक होता की माझ्यापर्यंत नीट पोचला नाही.

"आशी दिलीस?"

त्यानं डोळे मिटले आणि ओरडला. "सरका दाजी! सरका!"

बाकावर बसलेला एक म्हातारा दचकून उठला. आतून कोरे सरांचा आवाज आला, "बाहेर कोण ओरडतंय, प्रणिता?"

तायव्वानं नळी कानांतून काढली. घाईनं नाही. कान दुखू नयेत अशा बेतानं एकेक.

"दोनीबी आल्या," ती म्हणाली. "बारीक दिलेलीबी आली."

"अक्का, त्या दिशी..."

"म्हंजी माझा माणूस भैरा न्हवता. हाकच न्हवती."

"आईच्यान सांगतो, अक्का, दोनदा दिली."

"आईला मधी आणू नगंस. ती तुझीबी हाय आन् माझीबी." तिनं पट्ट्या गोळा केल्या, डबीत भरल्या, झाकण दाबलं. मशीन मात्र काउंटरवरच ठेवलं. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. कुणा गरिबाला घाला." पदर खांद्यावर ओढून ती दाराशी गेली. संबा बाजूला सरकला. त्याच्याकडं न बघता ती बोलली.

"दहाव्याला येऊ नगंस. दुखवटाबी आणू नगंस. तुझं लुगडं माझ्या अंगाला लागायचं न्हाय."

"मग कोन आणंल? तुला म्हायेरचं दुसरं हाय कोन?"

"कोन न्हाय," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून स्टँडकडं चालायला लागली.

मला तिला थांबवता आलं असतं. रस्त्यापलीकडं रसाच्या गाड्यापाशी ती मिनिटभर उभी होती, गाड्या जायची वाट बघत. खिशातलं टोपडं मी मुठीत धरलं होतं. आतून ते अजून ओलं होतं.

नोकरी गेली असती म्हणून मी बोलले नाही, असं सांगता येईल. लोक ते समजून घेतात. सरांनी मला काढलंच असतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात नोकरी नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता संबा आणि मी, आम्हा दोघांपैकी एकानं त्याला मारलंय, आणि ती माझ्याकडं बघत नाहीये.

शेरा

संबानं यारी सोडली. पुढं कधी विहिरीवर गेला नाही म्हणतात. कोणी सांगायचं जतकडं खडी क्रशरवर आहे, कोणी सांगायचं विजापूरला. तायव्वा एकदा दिसली, सहासात वर्षांनी, खानापुरात, रस्त्याच्या कामावर. तिनं मला ओळखलं. उठून उभी राहिली, डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "ह्या ताईंनी मला खरं सांगितलं. बाकी समद्यांनी झाकपाक केली." मी तिला चहाला विचारलं. ती नको म्हणाली. मला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं, असं मी सांगितलं.

एवढं शेऱ्यात मावतं. एक मावत नाही.

त्या दिवशी तायव्वा गेल्यावर संबा लगेच गेला नव्हता. तो पायरीवर बसून राहिला, चपला समोर ठेवून. दुपार झाली. सर जेवायला गेले. मी शटर निम्मं ओढायला आले, तर तो तिथंच.

"ताई," तो म्हणाला, "खरंच कोरडं हुतं?"

दुकानात कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो मला धमकावत नव्हता, शंकाही घेत नव्हता. खरं असेल तर एकदा नीट ऐकून घ्यावं म्हणून विचारत होता.

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग स्वतःचा उजवा हात पुढं धरून त्याच्याकडं बघितलं. यारीचा दांडा धरायचा हात.

"मला आसं ध्यानात हाय की बकेट अर्ध्यावर हुती. दगूड हलला. यारी थांबवाया मी दांडा दाबला. आन् हाक दिली. मला माझा आवाज आठवतोय, ताई. आजबी कानात हाय." त्यानं हात खाली घेतला. "पर तवा दाबताना माणूस मनातबी वरडतो की. न्हाय का? मनात वरडलो आसंन. भायेर आलीच नसंल."

मी शटरचा हूक धरून उभी होते.

"मशीन कोरडं हुतं म्हंजी त्यास्नी ऐकू येत हुतं. ऐकू येत हुतं आन् सरकले न्हाईत म्हंजी..." त्यानं चपलेत एक पाय घातला. दुसरी चप्पल उलटी पडली होती, ती सरळ केली. "मलाच आपलं वाटत हुतं. अक्काचं बरोबर हाय मग. तुमी तपासून सांगताय म्हंजी मी न्हाईच दिली हाक."